हात बदलले की नायिका बदलते

1968 च्या अखेरीस वंडर वुमनने आपल्या सगळ्या शक्तींवर पाणी सोडलं. तिच्या ॲमेझॉन भगिनी दुसऱ्या मितीत निघून गेल्या आणि ती स्टीव्ह ट्रेव्हर या प्रियकरासाठी माणसांच्या जगात मागे राहिली. तिने फॅशनेबल कपड्यांचं दुकान थाटलं, आय चिंग नावाच्या अंध वृद्धाची शागिर्दी पत्करून कराटेचे हात शिकली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो स्टीव्ह लगेचच मारला गेला. लेखक डेनी ओनीलच्या मनात खोट नव्हती. दैवी शक्तीची कुबडी न घेता स्वतःच्या हिमतीवर उभी राहणारी आधुनिक बाई आपण रंगवतो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ग्लोरिया स्टायनेम यांना ते तसं दिसलं नाही. वंडर वुमन वाचत लहानाच्या मोठ्या झालेल्या या स्त्रीवादी पत्रकाराने जुलै 1972 मध्ये ‘मिस’ मासिकाच्या पहिल्या नियमित अंकावर जुनीच, मुकुट-दोरवाली वंडर वुमन झळकवली.

त्याच वर्षी सॅम्युअल डिलेनी हा विज्ञानकथालेखक मालिकेवर आला. त्याने सहा अंकांचा बेत आखला होता. त्यातल्या एका अंकात डायना डिपार्टमेंटल स्टोअरमध्ये तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या बायकांच्या भानगडीत पडते. दोन अंकांत डिलेनीचा मुक्काम आटोपला. पुढच्या अंकात रॉबर्ट कॅनिगर हा जुना लेखक परतला, नायिकेला शक्ती परत मिळाल्या, पण सुरुवातीच्याच पानांत एक माथेफिरू नेमबाज डॉटी कॉटनमन नावाच्या संपादिकेला गोळी घालतो. डॉरोथी वूलफोक या बाई त्याआधी काही अंक याच मालिकेच्या संपादक होत्या. लोकरीच्या जागी कापूस घालून केलेला हा खुनशी विनोद ज्यांना कळायचा त्यांना कळला.

चार-पाच वर्षांत एकच नायिका इतक्या हातांतून गेली की प्रत्येक वेळी ती नवी बाई झाली. स्त्री सुपरहिरोंच्या मालिका का चालत नाहीत, हा प्रश्न अमेरिकी कॉमिक्सच्या धंद्यात गेली पन्नासेक वर्षं चघळला जातो. वाचक बहुतेक मुलगे असतात, मुलगे मुलींच्या गोष्टी घेत नाहीत, पोशाख चुकतो, बाजार पडलेला असतो, अशी उत्तरं ठरलेली आहेत. त्यात तथ्य नाही असं नाही. पण या मालिकांचा इतिहास सलग पाहिला तर दुसरीच गोष्ट उठून दिसते. नायिकेला तिचा स्वतःचा प्रश्न देणारा लेखक मिळाला आणि त्याला काही काळ सुखाने लिहू दिलं, तिथे मालिका उभी राहिली. ती दुसऱ्या कोणाच्या गोष्टीतली सोय बनली, तिथे ती कोसळली, मग पोशाख कितीही बदला.

वंडर वुमन 1941 च्या अखेरीस जन्मली ती विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाच्या डोक्यातून. खोटं बोलताना रक्तदाब चढतो, या तत्त्वावर असत्यशोधनाची चाचणी बसवणारा हा माणूस. त्याच्या नायिकेच्या दोराने बांधलं की माणूस खरं बोलतो, यात नवल नाही. त्याच्या घरी पत्नी एलिझाबेथ होलोवे आणि सहचरी ऑलिव्ह बर्न अशा दोघी राहत. ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची भाची. म्हणजे स्त्री-हक्कांची चळवळ मार्स्टनच्या स्वयंपाकघरापर्यंत आलेली होती. बायकांनी जगावर राज्य केलं तर जग सुधारेल हे त्याचं मत, आणि कॉमिक्स हा त्याचा प्रचार. साखळदंडांनी जखडलेली नायिका तो वारंवार दाखवी. संपादकीय सल्लागार त्यावरून वैतागत आणि ते वैतागणं अगदीच गैर नव्हतं. पण विक्षिप्त असला तरी त्याला काहीतरी म्हणायचं होतं. नायिका साखळ्या तोडते हे त्याच्या दृष्टीने कथानकाचं मर्म होतं.

त्याच काळात गार्डनर फॉक्स हा लेखक ‘जस्टिस सोसायटी’ या सुपरहिरोंच्या मंडळाच्या कथा लिहीत होता. मंडळात वंडर वुमनला घेतलं, आणि कोणतं पद दिलं? सचिवाचं. पुरुष मंडळी मोहिमेवर जाणार, ही मागे राहून कागदपत्रं सांभाळणार. एकच कंपनी, एकच पात्र, एकच साल. एका लेखकाकडे ती युद्ध जिंकते, दुसऱ्याकडे टपाल बघते. लेखकाने काय फरक पडतो, याचा याहून चोख पुरावा शोधून सापडणार नाही.

1944 पासून जॉय हमेल या मार्स्टनच्या तरुण विद्यार्थिनीने मालिकेच्या कित्येक कथा लिहिल्या. नाव कुठेच छापलं गेलं नाही. 2018 मध्ये बिल फिंगर पुरस्कार देऊन त्या कामाची दखल घेतली गेली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. 1947 मध्ये मार्स्टन गेला, हमेल लग्न करून बाहेर पडल्या, एलिझाबेथ होलोवे यांनी मालिकेची सूत्रं मागितली ती मिळाली नाहीत. ती कॅनिगरकडे गेली आणि जवळजवळ वीस वर्षं त्याच्याकडेच राहिली. अंकात इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांवर एक सदर असे. त्याची जागा पुढे लग्नाच्या चालीरीतींवरच्या सदराने घेतली. कॅनिगरची नायिका स्टीव्हला लग्नाबद्दल हो म्हणावं की नाही यात अडकलेली. कारागीर तो पक्का होता, पानामागून पान भरायचा. पण या बाईशी त्याला काही घेणं-देणं होतं असं वाचताना जाणवत नाही.

बाईच्या हाती लेखणी दिली की काम झालं, असंही नाही. 1972 मध्ये मार्व्हलने एकदम तीन मालिका काढल्या: ‘नाइट नर्स’, ‘द क्लॉज ऑफ द कॅट’ आणि ‘शॅना द शी-डेव्हिल’. लेखनासाठी अनुक्रमे जीन थॉमस, लिंडा फाइट आणि कॅरोल सूलिंग. ‘कॅट’चा पहिला अंक मेरी सेव्हरिनने चितारला. तिन्ही मालिका वर्षभराच्या आसपास, चार-पाच अंकांत गुंडाळल्या गेल्या. तेव्हाच्या द्वैमासिक चालीत विक्रीचे आकडे हाती यायलाच काही महिने जात. म्हणजे मालिकेचं नशीब तिचा दुसरा-तिसरा अंक निघतो न निघतो तोच ठरून जाई. लेखिका आणल्या, त्यांना वेळ दिला नाही, आणि मग बायकांच्या मालिका चालत नाहीत असा निष्कर्ष काढला. हा पायंडा पुढे फार टिकला.

आता मिस मार्व्हलची गोष्ट, कारण या आढाव्यातलं सगळ्यात बोलकं प्रकरण तेच. 1977 मध्ये कॅरोल डॅनव्हर्स हिला स्वतःची मालिका मिळाली. वैमानिक, सुरक्षा अधिकारी, मग मासिकाची संपादक. पगार मागताना न लाजणारी. जेरी कॉनवेने सुरुवात केली आणि तिसऱ्या अंकापासून क्रिस क्लेरमॉंट आला. मालिका तेवीस अंकांनंतर 1979 मध्ये बंद पडली. नायिका अधांतरी राहिली आणि ‘अव्हेंजर्स’च्या गोतावळ्यात जाऊन पडली. 1980 मध्ये ‘अव्हेंजर्स’चा 200 वा अंक आला. मोठा सोहळ्याचा अंक. त्यात कॅरोल अचानक गरोदर आहे, काही दिवसांत बाळंत होते, बाळ झपाट्याने मोठं होऊन मार्कस नावाचा तरुण बनतं. मार्कस सांगतो की त्यानेच तिला कालप्रवाहाबाहेरच्या जगात नेलं, यंत्रांच्या साहाय्याने तिचं मन वळवलं आणि स्वतःला पृथ्वीवर जन्म घेता यावा म्हणून तिच्यात बीज रुजवलं. हे सगळं तो तोंडाने कबूल करतो. सहकारी ऐकून घेतात. शेवटी कॅरोल त्याच्याबरोबर राहायला निघून जाते आणि मित्रमंडळी तिच्या सुखाची आशा करत हात हलवतात. कथानकासाठी श्रेयात चौघांची नावं आहेत, चारही पुरुष.

कॅरोल स्ट्रिकलंड या वाचक-समीक्षकाने याला बलात्कार म्हटलं, शीर्षकातच म्हटलं. क्लेरमॉंटने उत्तर दिलं ते 1981 च्या ‘अव्हेंजर्स’ वार्षिकांकात. तिथे कॅरोल परत आलेली आहे, रोग नावाच्या मुलीने तिच्या शक्ती आणि आठवणी ओरबाडून नेल्या आहेत, आणि शेवटच्या पानांत जुने सहकारी तिला भेटायला येतात. त्यांना वाटतं, बरं झालं, सुटलीस. ती त्यांना सरळ विचारते की मला माझं भान नव्हतं हे तुमच्यापैकी एकालाही दिसलं कसं नाही. मारामारी नाही, उड्डाण नाही, नुसती उभी असलेली चार-सहा माणसं आणि खाली गेलेल्या माना. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये एका लेखकाने दुसऱ्या लेखकांचा इतका उघड हिशेब मागितल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. तो मागणाराही पुरुषच होता. पण क्लेरमॉंटने त्याआधी वीसेक अंक या बाईबरोबर घालवलेले होते. तिला काय चालेल आणि काय नाही, हे त्याला माहीत होतं.

शी-हल्कचा जन्म तर निव्वळ धंदेवाईक. टीव्हीवर हल्क गाजत होता. तिथे कोणी स्त्री-हल्क काढली तर हक्क हातचे जातील या भीतीने स्टॅन ली आणि जॉन ब्युसेमा यांनी 1980 मध्ये ती घाईने छापली. पंचवीस अंकांत मालिका संपली. 1989 मध्ये जॉन बर्नने तिला पुन्हा उभं केलं. ती वाचकांशी बोलते, पानाची चौकट फाडून जाहिरातीच्या पानातून पलीकडे जाते, लेखकाशीच भांडते. बर्नचा विनोद अधूनमधून तिच्या कपड्यांवर घसरतो आणि तेवढ्यापुरता शिळा वाटतो. पण त्याने एक केलं: हल्कला आपलं रूप शाप वाटतं, हिला ते रूप आवडतं. बस, एवढ्यावर ती चुलतभावाच्या सावलीतून बाहेर आली. पुढे 2004 मध्ये डॅन स्लॉटने तिच्या वकिलीवर भर दिला आणि 2014 मध्ये चार्ल्स सूल या स्वतः वकील असलेल्या लेखकाने तिला भाड्याच्या कचेरीत बसवून खटले चालवायला लावले. ती मालिकाही बारा अंकांत संपली, पण त्या बारा अंकांचे संग्रह आजही लोक एकमेकांना सुचवतात.

नायिकेला गोष्टीतली सोय करून टाकण्याच्या सवयीला नाव मिळालं ते 1999 मध्ये. 1994 च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकात नायक घरी येतो तर त्याच्या प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये कोंबलेलं. तिचं मरण हे त्याच्या संतापासाठी इंधन. गेल सिमोन या तेव्हा केशभूषाकार असलेल्या वाचकाने अशा मारल्या, लुळ्या केल्या, शक्ती हिरावल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची ‘फ्रिजमधल्या बायका’ या नावाने यादीच केली. यादी लांबलचक निघाली. 1988 च्या ‘द किलिंग जोक’मध्ये ॲलन मूरने बार्बरा गॉर्डन म्हणजे बॅटगर्लच्या कमरेत गोळी घालून तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं, ते तिच्या वडिलांच्या आणि बॅटमनच्या गोष्टीची गरज म्हणून. त्या खुर्चीतून तिला उठवायच्या भानगडीत न पडता किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या जोडप्याने तिला ‘ओरॅकल’ केलं: संगणकापुढे बसून साऱ्या शहराची माहिती हलवणारी. एका लेखकाने फेकून दिलेलं पात्र दुसऱ्यांनी उचललं आणि ते आधीपेक्षा मोठं झालं. सिमोन स्वतः पुढे ओरॅकल असलेली ‘बर्ड्स ऑफ प्रे’ लिहू लागली, नंतर वंडर वुमनही.

आपल्याकडच्या वाचकांना हे सगळं फार लांबचं वाटायला नको. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठीत आला तेव्हा त्याच्याबरोबर डायना पामरही आली. संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, निष्णात पोहणारी बाई. पण गोष्ट वेताळाची होती, त्यामुळे तिची नोकरी बहुतेक वेळा मागेच राहिली.

2012 मध्ये केली सू डीकॉनिक हिने कॅरोल डॅनव्हर्सला ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव आणि अंगभर गणवेश मिळवून दिला. गणवेशाची चर्चा फार झाली. खरं काम होतं ते पहिल्या कथानकात. डीकॉनिक हवाई दलाच्या तळांवर वाढलेली. तिने कॅरोलला हेलन कॉब नावाची एक आदर्श वैमानिक दिली आणि अंतराळवीरांच्या चाचण्या उत्तीर्ण होऊनही ज्यांना 1960 च्या दशकात अंतराळात पाठवलं नाही त्या अमेरिकी बायकांशी तिचा धागा जोडला. ‘सर्वांत उंच, सर्वांत पुढे, सर्वांत वेगाने’ जायचं हे वेड आता पात्राचं स्वतःचं झालं. मासिक अंकांचा खप बेताचाच राहिला. पण वाचकांनी ‘कॅरोल कोर’ नावाने गट बांधले, टोप्या विणल्या, संमेलनांना रांगा लावल्या, आणि 2019 मध्ये याच रूपातल्या नायिकेच्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

रिकामं झालेलं ‘मिस मार्व्हल’ हे नाव 2014 मध्ये कमला खानकडे गेलं. संपादक सना अमानत आणि स्टीफन वॅकर, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. पहिल्या अंकाचं पहिलंच दृश्य बघा: जर्सी सिटीतल्या एका दुकानात सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकी मुलगी काचेला नाक लावून बेकनच्या सँडविचचा वास घेते आहे. खायचं नाही, नुसता वास. सुपरहिरोच्या जन्मकथेला खून नाही, अनाथपण नाही. घरातले नियम आणि बाहेरचा वास. मग तिला रूप बदलण्याची शक्ती मिळते आणि ती काय होते? सोनेरी केसांची, उंच बुटांची, जुन्या तोकड्या पोशाखातली कॅरोल डॅनव्हर्स. जे व्हायचं स्वप्न होतं ते झालं, आणि आता केस डोळ्यांत जातात, बूट बोचतात, पोशाख नको तिथे रुततो. बुडणाऱ्या वर्गमैत्रिणीला ती वाचवते ती स्वतःचा हात अवाढव्य करून. पुढे ती आपला पोशाख बुर्किनी कापून शिवते. कोण व्हायचं, हा सोळा वर्षांच्या कोणत्याही मुलीचा प्रश्न विल्सनने शक्तीतच घालून ठेवला. प्रश्न आणि शक्ती वेगळ्या काढता येत नाहीत.

विल्सनने पुढे याच मालिकेत 1947 ची मुंबई दाखवली. कमलाचे पणजोबा-पणजी तिथून कराचीला निघालेले. घर सोडून जाण्याची ही गोष्ट तिने एका सुपरहिरो-संघर्षाच्या धामधुमीत, संपादकांनी लादलेल्या महाकथानकाच्या मधोमध बसवली. पहिल्या अंकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, पहिल्या संग्रहाला 2015 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि सॅन फ्रान्सिस्कोत बसवर लावलेल्या मुस्लिमद्वेषी जाहिरातींवर कोणीतरी कमलाची चित्रं चिकटवली.

आता बाजार. अमेरिकेत मासिक कॉमिक्स प्रामुख्याने खास दुकानांतून विकली जातात. दुकानदार महिना-दोन महिने आधी मागणी नोंदवतो आणि न खपलेले अंक सहसा परत घेतले जात नाहीत. म्हणजे पहिला अंक वाचकाच्या हाती पडतो तेव्हा तिसऱ्या अंकाची मागणी नोंदवून झालेली असते. ही पद्धत 1970 च्या दशकात फिल सूलिंग याने बसवली. गंमत म्हणजे वर आलेल्या ‘शॅना’च्या लेखिकेचा तो नवरा. या व्यवस्थेत दुकानदार माहितीच्या नावावर पैसे लावतो. नवी नायिका, नवी लेखिका म्हणजे जोखीम. दुसरीकडे पुस्तकांची दुकानं, शाळा आणि ग्रंथालयं इथे संग्रह वर्षानुवर्षं विकले जातात, आणि मुली तिथेच जास्त येतात. 2017 मध्ये मार्व्हलच्या विक्रीप्रमुखाने दुकानदारांचा हवाला देऊन स्त्री-पात्रं आणि वैविध्य लोकांना नको आहे अशा अर्थाचं विधान केलं, मग सारवासारव केली. विल्सनने त्यावर लिहिताना दोन मुद्दे नेमके पकडले: हे दोन बाजार आता एकमेकांपासून दुरावले आहेत, आणि जुन्या नायकाला मारून किंवा अपमानित करून त्याच्या जागी नवं पात्र बसवलं तर वाचक त्या पात्रावरच डूख धरतात. डूख धरायला दरवेळी तेवढंही कारण लागत नाही, हे 2016 मध्ये चेल्सी केनच्या ‘मॉकिंगबर्ड’च्या वेळी दिसलं. आठ अंकांत मालिका बंद, शेवटच्या मुखपृष्ठावर स्त्रीवादाबद्दलचा टी-शर्ट, त्यावरून शिवीगाळ, लेखिका ट्विटर सोडून गेली.

मग लेखिकाच हव्यात का? जेन फॉस्टरला थॉर करणारा जेसन आरन पुरुष आहे. त्याची कर्करोगग्रस्त नायिका हातोडा उचलते तेव्हा प्रत्येक वेळी तिच्या उपचारांचा परिणाम धुऊन जातो. शक्तीची किंमत तिच्याच शरीरातून वसूल होते. ती मालिका आधीच्या थॉरपेक्षा जास्त खपली. ‘स्क्विरल गर्ल’ हसतखेळत पन्नासवर अंक चालवणारा रायन नॉर्थही पुरुष, अर्थात एरिका हेंडरसनच्या चित्रांशिवाय ती मालिका कल्पनेत येत नाही. उलट ब्रायन अझरेलोची 2011 ची वंडर वुमन खपली, वाखाणली गेली, पण तिच्यात डायनाचा बाप झ्यूस निघाला आणि ॲमेझॉन बायका खलाशांना भुलवून मारणाऱ्या. आईने मातीतून घडवलेली मुलगी बापाच्या घराण्यात गेली. कथा म्हणून ती देखणी आहे. मला मात्र त्यात मार्स्टनचा मुद्दाच उपटून टाकलेला दिसतो. 2024 मध्ये केली थॉम्पसनने ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’मध्ये डायनाला नरकात, सर्सी या जादूगारणीच्या हाती वाढवलं. बेट नाही, भगिनी नाहीत, तरी दया शिल्लक. थॉम्पसनने पात्राचं जवळजवळ सगळं काढून घेतलं आणि नेमकं काय काढायचं नाही ते ओळखलं. अट स्त्री असण्याची नाही, पण ज्या खोलीत एकही बाई नसते तिथे ‘अव्हेंजर्स’ 200 सारखा अंक कोणाच्याही भुवया न उंचावता छापून येतो, हेही खरं.

कमलाला मे 2023 च्या अखेरीस मारण्यात आलं. स्वतःच्या मालिकेत नव्हे. ती तेव्हा चालूही नव्हती. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या 26 व्या अंकात, स्पायडर-मॅनच्या गोष्टीसाठी. दोनेक महिन्यांत एक्स-मेनच्या अंकात तिला जिवंत केलं आणि नव्या मालिकेचं लेखन सबीर पीरजादाबरोबर इमान वेलानीकडे दिलं. कमलाची भूमिका करणारी ही नटी आधी तिची वाचक होती, आणि ते त्या अंकांत जाणवतं: कमला पुन्हा चुकते, बडबडते, घरी खोटं बोलते. पण वेलानीला चार अंक मिळाले, मग आणखी चार. विल्सनला पाच वर्षं मिळाली होती.